मानसशास्त्राच्या वर्गात आपली मुले काय शिकतात?

बारावी कला शाखेचा निकाल लागतो, मुलीला चांगले गुण पडतात आणि ती म्हणते, ‘‘मला मानसशास्त्र घ्यायचे आहे.’’ मग घरात दोन प्रश्न हमखास निघतात. अब्बा विचारतात, ‘‘ते करून नोकरी लागते का?’’ आणि नानी विचारते, ‘‘म्हणजे तू वेड्यांचा इलाज करणार का?’’ अब्बांच्या प्रश्नाकडे आम्ही पुढे येऊच. नानीला मात्र लगेच सांगता येईल की पदवीच्या वर्गात मनोविकारांचा अभ्यास हा एखाद्या-दुसऱ्या पेपरचा विषय असतो. बाकी सगळा अभ्यास शहाण्यासुरत्या माणसांचा असतो. मूल कसे वाढते, माणूस कसा विचार करतो आणि चार माणसे एकत्र आली की कशी वागतात, हा तो अभ्यास. शेवटच्या वर्षांत हेच तीन विषय खोलात शिकवले जातात: विकासाचे मानसशास्त्र, बोधात्मक मानसशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र.

नावे जड आहेत, पण विषय आपल्या घरातले आहेत. बाळाला बोलायला उशीर होतो आहे का, हा पहिल्याचा प्रश्न. पाठ केलेले परीक्षेत का आठवत नाही, हा दुसऱ्याचा. आणि एखाद्या सोसायटीत नाव ऐकताच ‘फ्लॅट नुकताच गेला’ असे का सांगितले जाते, हा तिसऱ्याचा.

या विषयांची पुस्तके चाळताना एक गोष्ट प्रथम खटकते. प्रयोगांत दिसणारी माणसे बहुतेक अमेरिकेतील आणि युरोपातील असतात, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थीच जास्त. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान या संशोधकांनी २०१० मध्ये हीच तक्रार शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतील मूठभर माणसांवरून साऱ्या मानवजातीचे मन ठरवले गेले आहे, असे त्यांचे म्हणणे. तक्रार रास्त आहे. मात्र पुस्तके नीट वाचली तर त्यांच्या काही पानांवर आपल्यासारखी माणसेही भेटतात. आम्ही आज मुद्दाम त्याच पानांवर थोडे थांबणार आहोत.

उझबेकिस्तानातील ताईत

विकासाच्या मानसशास्त्रात पहिले नाव येते झाँ पियाजे यांचे. एका ठेंगण्या पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतले की चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पाणी वाढले. सात-आठ वर्षांचे मूल म्हणते, तेवढेच आहे. हे घरी करून पाहण्यासारखे आहे, सरबताने केले तर मुले जास्त मन लावून उत्तर देतात! पियाजेंचे म्हणणे असे की मुलाचा विचार टप्प्याटप्प्याने पिकतो. रशियातील लेव्ह वायगॉट्स्की यांचा भर दुसरीकडे होता. मूल आधी दुसऱ्याच्या मदतीने विचार करायला शिकते आणि मग एकटे, म्हणून भाषा, शाळा आणि भोवतालचा समाज यांचा विचारावर खोल परिणाम होतो, असे त्यांचे मत.

हे तपासण्यासाठी वायगॉट्स्की यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले. तिथली वस्ती मुस्लिम शेतकऱ्यांची. काही बायका घराच्या जनानी भागातच राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या. काही माणसे नव्या सामुदायिक शेतीवर काम करणारी, थोडेफार वाचणारी. काही तरुणी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेणाऱ्या. लुरिया चहाच्या बैठकीत गप्पा मारता मारता प्रश्न विचारत. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन दाखवून हे काय, असे विचारले तेव्हा शिक्षण घेणाऱ्या तरुणींनी भूमितीतली नावे सांगितली. घरातल्या बायकांनी वर्तुळाला ताट म्हटले, चाळण म्हटले, चंद्र म्हटले. चौकोन हा आरसा होता, दार होते, जर्दाळू वाळवायची फळी होती. आणि त्रिकोण? तो ‘तुमार’, म्हणजे ताईत.

मग कोड्यासारखे प्रश्न आले. दूर उत्तरेला बर्फ आहे, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? शाळा पाहिलेले लोक चटकन पांढरा म्हणाले. न शिकलेल्या शेतकऱ्यांनी उत्तर द्यायचे नाकारले. आपण तिथे गेलो नाही, जे पाहिले नाही त्याबद्दल बोलत नाही, जो जाऊन आला असेल त्याला विचारा, अशी त्यांची भूमिका.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात या ठिकाणी चांगला वाद होतो, आणि व्हावा. शेतकऱ्याला तर्क करता येत नव्हता का? आम्हाला तसे वाटत नाही. ‘न पाहिल्याची साक्ष देणार नाही’ हाही तर्कच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो जास्त सुरक्षित. शाळेने फरक केला तो एवढाच की प्रश्नात दिलेली माहिती खरी धरून, तिच्या चौकटीत उत्तर द्यायचा रिवाज शिकवला. त्या काळच्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मात्र लुरियांवर अल्पसंख्य जमातींना कमी लेखल्याचा ठपका ठेवला. ते पुस्तक छापले जाईपर्यंत १९७४ साल उजाडले. संशोधकाला दोन्हीकडून ऐकावे लागते, ते असे.

याचा आपल्याशी संबंध काय? शाळेत किंवा दवाखान्यात एखाद्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी होते. मूल घरी दखनी बोलते, मकतबमध्ये अरबी अक्षरे वाचते, शाळेत मराठी किंवा इंग्रजी शिकते आणि चाचणीतले शब्द भलत्याच भाषेत येतात. मूल गप्प बसले तर कागदावर आकडा कमी येतो. तो आकडा मुलाचा आहे की भाषेचा, हा प्रश्न पालकांनी विचारायला हवा. चाचणी कोणत्या भाषेत झाली, तिचे निकष कोणत्या मुलांवरून ठरवले होते, हे तज्ज्ञाला विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगला तज्ज्ञ आपण होऊनच सांगतो.

पाठांतराची ताकद नेमकी किती?

आता एक पान पश्चिम आफ्रिकेचे. लायबेरियातील वाय जमातीत मुस्लिमांची संख्या मोठी आहे. या जमातीची स्वतःची लिपी आहे, एकोणिसाव्या शतकात तिच्याच माणसांनी घडवलेली, शाळेत न जाता घरी एकमेकांकडून शिकली जाणारी. शिवाय काहीजण कुरआनच्या वर्गात अरबी वाचायला शिकतात आणि काही इंग्रजी शाळेत जातात. एकाच गावात तीन प्रकारचे ‘शिकलेले’. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकल कोल यांना यात मोठी संधी दिसली. वाचता येण्याने बुद्धी बदलते की शाळेत जाण्याने, हे इथे वेगवेगळे करून पाहता येणार होते. १९८१ मध्ये त्यांचे पुस्तक आले.

त्यांना जे आढळले ते मकतबला मुले पाठवणाऱ्या प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे. स्मरणाच्या एका चाचणीत आधी एक शब्द सांगायचा, मग दोन, मग तीन, असे दर वेळी यादी एका शब्दाने वाढवत न्यायची आणि क्रमाने म्हणून घ्यायची. या चाचणीत कुरआन शिकलेले लोक सरस ठरले. का, ते हिफ्जच्या वर्गात डोकावलेल्या कोणालाही कळेल. तिथे सबक असाच वाढतो: कालचे म्हणायचे, त्यात आजचे जोडायचे, क्रम चुकू द्यायचा नाही. पण गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगणे यासारख्या स्मरणाच्या दुसऱ्या कामांत हा वरचढपणा दिसला नाही. वाय लिपी वाचणाऱ्यांना वेगळ्या कामांत फायदा होता, जसे तुटक ऐकलेले ध्वनी जोडून अर्थ लावणे. आपण उत्तर का दिले याचे शब्दांत कारण सांगण्यात शाळेत गेलेले पुढे होते.

म्हणजे मन हे काही एकच एक स्नायू नाही की कुठूनही व्यायाम केला तरी सगळीकडे ताकद यावी. ज्या कामाचा सराव, त्या कामाची ताकद. ‘हाफिज मुलगा शाळेत आपोआप पहिला येईल’ असे म्हणणारे जसे घाई करतात, तसेच ‘पाठांतराने मुलाचे डोके बोथट होते’ म्हणणारेही. दोघांच्याही बाजूने पुरावा नाही. मुलाला पाठांतरही करू द्यावे आणि ‘हे असे का?’ विचारायची सवयही लावावी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेगळ्या शिकवाव्या लागतात.

भूकंप आणि अफवा

बोधात्मक आणि सामाजिक मानसशास्त्राच्या सीमेवर एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. ती अमेरिकेच्या पुस्तकांत गेली आणि तिथून आपल्या विद्यार्थ्यांकडे परत आली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या. गंगेचे पाणी नाहीसे झाले, नेपाळच्या सीमेवरून महापूर येतो आहे, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा. पुढे दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवांचा अभ्यास केला. तिथे माणसांनी डोळ्यांसमोर विध्वंस पाहिला होता, पण आणखी मोठे संकट येणार अशा अफवा तिथे जवळजवळ नव्हत्या.

अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर हे वाचून चक्रावले. घाबरलेल्या माणसांनी आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवावा? त्यांचे उत्तर असे: ज्यांना धक्का बसला, पण भोवती फारसे पडझडीचे चित्र नव्हते, त्यांची भीती तर खरी होती आणि तिला कारण मात्र दिसत नव्हते. मनातले आणि डोळ्यांपुढचे जुळेना. मग मन भीतीला साजेसे कारण शोधते. मोठे संकट येणार असेल तर माझे घाबरणे बरोबरच आहे! १९५७ मध्ये फेस्टिंगर यांनी ‘बोधात्मक विसंगती’चा सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी ही बिहारची नोंद होती.

आम्हाला हा सिद्धांत मोबाइलच्या काळात जास्त उपयोगी वाटतो. शहरात तणाव असतो, आपल्या गल्लीत मात्र काही घडलेले नसते, आणि रात्री अकरा वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर भयंकर मजकूर येतो. तो का खरा वाटतो? भीती आधीच आत बसलेली असते, मजकूर तिला फक्त कारण पुरवतो. त्यात दुसरी गोष्ट मिळते. लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले तर ते अधिक खरे वाटू लागते, मग ते खोटे का असेना. मामूंनी पाठवले, खालाने पाठवले, शेजाऱ्यांनी पाठवले: तीन साक्षीदार झाले असे वाटते, प्रत्यक्षात मजकूर एकच असतो.

पाहिलेल्या गोष्टीचीही खात्री नसते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. शब्द बदलला की आठवण बदलते. भांडणानंतर मुलांची उलटतपासणी घेणाऱ्या आयांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. ‘त्याने तुला मारले ना?’ आणि ‘काय झाले?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात.

मुजफ्फर शरीफ

सामाजिक मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक नाव असते: मुजफ्फर शरीफ. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपली मुले तो कोणी गोरा प्रोफेसर असेल असे समजून पुढे जातात. हे गृहस्थ तुर्कस्तानचे, १९०६ मध्ये ओदेमिश गावी जन्मलेले. इस्तंबूल, हार्वर्ड आणि कोलंबिया इथे शिकले. तुर्कस्तानात परतल्यावर नाझी विचारांना उघड विरोध केल्यामुळे १९४४ मध्ये त्यांना अटक झाली, आणि नंतर ते अमेरिकेत गेले ते कायमचेच.

१९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह या राखीव उद्यानात त्यांनी सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुले एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली. आधी त्यांचे दोन गट पाडले, एकमेकांची खबर नसलेले. एकाने नाव घेतले रॅटलर्स, दुसऱ्याने ईगल्स. मग बक्षिसांचे सामने लावले. काही दिवसांत शिव्या, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी! धर्म एक, भाषा एक, रंग एक, आणि तरीही ‘ते लोक असेच असतात’ ही भाषा आली.

नुसते एकत्र जेवायला बसवून भांडण मिटले नाही, उलट जेवण एकमेकांवर फेकले गेले. मग शरीफ यांनी अशी कामे आणली की जी एका गटाला जमणारच नाहीत. पाण्याची टाकी बंद पडली, सर्वांनी मिळून शोध घेतला. सिनेमा आणायचा तर दोघांनी पैसे काढायचे. जेवणाचा ट्रक अडला तेव्हा सर्वांनी मिळून दोर लावून ओढला. परतताना मुले एकाच बसने आली, आणि एका गटाने बक्षिसाच्या पैशांतून दुसऱ्यालाही मिल्कशेक पाजला.

गोष्ट इतकी गोड आहे की संशय यावा, आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तो घेतोच. या आधी १९५३ मध्ये असेच एक शिबिर झाले होते. तिथे मुलांची आधी एकमेकांशी दोस्ती झाली होती, म्हणून संशोधकांनी काड्या घालूनही ती भांडेनात, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. ही हकीकत बरीच वर्षे मागे पडली होती. आमच्या मते पुस्तकातल्या यशस्वी प्रयोगापेक्षा हा फसलेला प्रयोगच जास्त मोलाचा. आधी ओळख झालेली मुले सहजी शत्रू होत नाहीत. मोहल्ल्याबाहेर एकही मित्र नसलेल्या मुलाच्या पालकांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, यावर विचार करावा.

याच वर्षी, १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट यांचे पूर्वग्रहावरील पुस्तक आले. भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतात, पण केव्हा? दर्जा बरोबरीचा असेल, उद्दिष्ट एक असेल, काम मिळून होत असेल आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तेव्हा. मालकीण आणि कामवाली रोज भेटतात, त्याने बरोबरी येत नाही.

भारतात पूर्वग्रहाचे मोजमाप झाले आहे. महाराष्ट्राचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले: मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा बरीच कमी होती, दलित नावालाही कमी. आपल्याला हे ठाऊक होते, असे वाचक म्हणतील. ठाऊक असणे आणि मोजून कागदावर मांडणे यांत फरक आहे. दुसरे कोर्टात, वर्गात, मंत्र्यापुढे ठेवता येते.

दुसरा अभ्यास अधिक हळवा करणारा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या खेड्यांतील शाळकरी मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कोणी बोलून दाखवली नाही तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींची मुले बरोबरीने सोडवत होती. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, आणि तथाकथित खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच. वर्गात ‘तुमच्यात शिकतंय कोण’ असे सहज बोलून जाणाऱ्या शिक्षकापर्यंत हे पोहोचले पाहिजे, आणि ‘आपल्याला कोण नोकरी देणार’ असे रोज मुलासमोर म्हणणाऱ्या आपल्या घरांपर्यंतही.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे

केवळ पदवीवर ‘सायकॉलॉजिस्ट’ची पाटी लावता येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. करावे लागते. रुग्णांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. हे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून कोणत्याही खासगी संस्थेची फी भरण्याआधी तिचा अभ्यासक्रम मान्य आहे का, हे परिषदेच्या यादीत पाहावे. सहा आठवड्यांत समुपदेशक बनवणाऱ्या जाहिराती भरपूर आहेत. ज्यांना उपचाराकडे जायचे नाही त्यांना शाळा, विशेष मुलांसोबतचे काम, कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग, सर्वेक्षण, अध्यापन असे रस्ते आहेत. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट प्रवेशाआधी कोणी सांगत नाही. यात सांख्यिकी येते. गणित सुटले म्हणून कला शाखेत आलेल्या मुली तिसऱ्या वर्षी सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्याशी झुंजतात. पण ते टाळून चालत नाही. २०१५ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि पहिल्यासारखा ठोस निकाल फक्त ३६ टक्के प्रयोगांत आला. कोणता निष्कर्ष धरावा आणि कोणता सोडावा हे आकडे वाचता आल्याशिवाय कळत नाही.

शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी एक छोटा प्रकल्प करावा लागतो. तीन भाषांत वाढणारी आपली मुले, मकतब आणि शाळा यांच्यात वाटलेला त्यांचा दिवस, एकत्र कुटुंबात दादीच्या हाती वाढणारी बाळे, निकाहनंतर शिक्षण सुरू ठेवणाऱ्या सुना, यांवर मराठीत फारसे काम झालेले नाही. बाहेरून आलेल्या संशोधकाला हे घर उघडत नाही, घरातल्या मुलीला उघडते. ती प्रश्नावली घेऊन शेजारी गेली तर बायका आधी विचारतील, हे कुठे छापणार का, नाव येणार का. तिने आधी संमतीपत्र वाचून दाखवायचे असते: नाव लिहिले जाणार नाही, कोणताही प्रश्न सोडता येईल, मधेच उठून जाता येईल. ते पत्र इंग्रजीतच असेल तर तिला ते मराठीत आणि लागलेच तर दखनीत करून द्यायला सांगावे, आणि ते समजेपर्यंत कोणीही सही करू नये.